एफएलपी लाईट घेताना नेमप्लेटवर काय वाचायचं, आणि नागपूरच्या उन्हाचा हिशेब कसा धरायचा

बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसी मिळून एकोणीस वर्षं मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली, आणि एफएलपी लाईटबद्दल, म्हणजे पेटणाऱ्या वाफेच्या जागेत लावायच्या फ्लेमप्रूफ लाईटबद्दल, मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका नवतप्याने, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांनी. पेंट बनवणारं एक युनिट होतं, तिथे सॉल्व्हंट मिक्सिंगची खोली, वर पत्र्याचं छत, आणि त्या खोलीतल्या एलईडी फिटिंग दरवर्षी मे महिन्यातच जायच्या, बाकी वर्षभर काही नाही. सगळे म्हणायचे ड्रायव्हरच, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा आतला भाग, हलका येऊन राहिला, बदला आणि मोकळे व्हा. त्या वर्षी शटडाऊन मिळाला तेव्हा मी लाईन आयसोलेट करून शिडीवर चढलो, नेमप्लेटवर रंगाचा थर बसला होता तो ब्लेडने हळूहळू खरवडला, आणि खाली अक्षरं निघाली: टीए उणे २० ते अधिक ४०, टीए म्हणजे फिटिंगच्या भोवतालच्या हवेचं तापमान. मग काचेचा साधा थर्मामीटर दोरीने त्या फिटिंगच्या बाजूला टांगून अर्धा तास सोडला, दुपारचे अडीच वाजले होते, पारा ५३ वर जाऊन थांबला.

म्हणजे काय ते समजून घ्या. ती फिटिंग सुरक्षित आहे असं जे सर्टिफिकेट सांगत होतं ते ४० डिग्रीच्या हवेपर्यंतच सांगत होतं. आपल्याकडे एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पत्र्याखाली ४० च्या आत पारा कधी असतो सांगा बरं. तेव्हा ड्रायव्हर जळणं ही छोटी गोष्ट होती, मोठी गोष्ट ही की वर्षातले अडीच महिने आम्ही टोल्युइन आणि थिनरच्या वाफेत जो लाईट चालवत होतो त्याची कोणीच हमी घेतलेली नव्हती, आणि आम्हाला ते माहीतही नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. कारखान्यात, गोदामात, गॅसच्या जागेत, जिनिंगमध्ये कुठेही तुमच्यावर लाईट निवडायची वेळ आली तर कुठून सुरुवात करायची, ते माझ्या पद्धतीने सांगतो.

पहिली गोष्ट वॅट विचारू नका, आधी जागेवर जाऊन उभे राहा आणि इथल्या हवेत काय येऊ शकतं ते विचारा. हे इलेक्ट्रिकलवाल्याने एकट्याने ठरवायचं नाही, प्रोसेसचा माणूस, सेफ्टीचा माणूस आणि तुम्ही, तिघांनी मिळून. मोठ्या प्लांटमध्ये याचं ड्रॉइंगच असतं, हॅझार्डस एरिया क्लासिफिकेशनचं, ते मागा. छोट्या युनिटमध्ये बहुतेक नसतं, मग करून घ्या, कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

गॅस आणि वाफेसाठी तीन झोन. झोन ० म्हणजे जिथे पेटणारी वाफ कायम किंवा बराच वेळ असते, उदाहरणार्थ सॉल्व्हंटच्या टाकीच्या आत. झोन १ म्हणजे रोजच्या कामात ती येण्याची शक्यता आहे अशी जागा, ड्रम उघडतात, भरतात, मिक्सरचं झाकण उचलतात तिथला भाग. झोन २ म्हणजे सहसा येत नाही, आली तर काहीतरी गळलं म्हणून आणि थोडाच वेळ. धुळीसाठी असेच तीन, २०, २१ आणि २२. बस इतकंच. पण एक ध्यानात ठेवा, पेट्रोल, थिनर, एलपीजी यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते, म्हणून झोन २ च्या जागेत जमिनीखाली खड्डा किंवा सम्प असला तर तो खड्डा झोन १ धरायचा. हायड्रोजन उलटा, तो वर छताला जाऊन साठतो, फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करतात त्या खोलीत हेच होतं आणि आपले लोक लाईट नेमका छताला चिकटवून लावतात. तिथे आधी छताजवळून हवा बाहेर जायला वाट करा आणि लाईट त्या वाटेतून बाजूला, खाली घ्या.

आणि हेही विचारा की लाईट त्या जागेत असायलाच पाहिजे का? खूप वेळा नाही. छोट्या सॉल्व्हंट स्टोअरमध्ये भिंतीला पक्की सीलबंद काच बसवून बाहेरून उजेड टाकता येतो, मग आतमध्ये वायरच नाही, फिटिंगच नाही, मेंटेनन्सला कोणी आत शिडी घेऊन जाणार नाही. मला विचाराल तर सगळ्यात चांगला एफएलपी लाईट तो जो झोनच्या बाहेर लावलाय.

आता दुकानाकडे. इतवारीत जा नाहीतर एमआयडीसीतल्या सप्लायरकडे जा, तुम्ही म्हणाल ‘सेफवाला लाईट द्या’ आणि तो तुमच्यासमोर जाड काचेची, जाळीवाली, चांगली दणकट दिसणारी वेलग्लास फिटिंग ठेवेल. उचलून बघितली तर चांगली दोन-तीन किलोची. आणि ती निघेल वेदरप्रूफ. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. आयपी ६५, आयपी ६६ हे आकडे फक्त एवढं सांगतात की धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा आत जाणार नाही. वाफ आत गेली, आत ठिणगी पडली आणि आतल्या आत स्फोट झाला तर पुढे काय, याच्याबद्दल आयपी नंबर एक शब्द बोलत नाही.

एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ, आणि लोकांना वाटतं त्याच्यात गॅस शिरतच नाही. शिरतो. दिवसा फिटिंग तापते, रात्री थंड होते, आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा गॅससकट आत ओढली जाते. एफएलपीची खरी कमाल अशी की आत स्फोट झाला तरी डबा फुटत नाही, आणि झाकण व बॉडीच्या मधल्या बारीक फटीतून जी गरम हवा बाहेर येते ती त्या लांब धातूच्या फटीतून येता येता इतकी थंड होते की बाहेरचा गॅस पेटत नाही. ही फट म्हणजे फ्लेमपाथ. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने कोळसा खाणीसाठी जो दिवा केला, ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी लावलेला, त्याच्यातही गोष्ट हीच होती, धातू उष्णता ओढून घेतो आणि ज्योत बाहेर पडत नाही. दोनशे वर्षं झाली, तत्त्व बदललेलं नाही. म्हणून मी वेड्यासारखा सांगत राहतो की ती फट जपा, त्याच्यावर पुढे येतोच.

आता नेमप्लेट. ती ओळ पहिल्यांदा बघितली तर कोड्यासारखी वाटते, पण तुकडे पाडले की सोपी आहे. समजा लिहिलंय: एक्स डी बी, आयआयसी, टी ४, जीबी, टीए उणे २० ते अधिक ५५.

एक्स डी बी म्हणजे फ्लेमप्रूफ, जुन्या प्लेटवर नुसतं एक्स डी दिसेल. इथे एक्स एन आर असेल तर ती फिटिंग झोन २ ची आहे, ती झोन १ मध्ये लावायची नाही, आणि सप्लायर बऱ्याचदा हीच स्वस्त म्हणून खपवतात. एक्स टी असेल तर ती धुळीसाठी. जीबी म्हणजे झोन १ ला चालेल, जीसी म्हणजे फक्त झोन २. धुळीला डीबी आणि डीसी, तसंच.

आयआयसी म्हणजे गॅसचा ग्रुप. आयआयए मध्ये प्रोपेन, पेट्रोल, टोल्युइन आणि आपले नेहमीचे बरेच सॉल्व्हंट, आयआयबी मध्ये इथिलीन, इथर, आयआयसी मध्ये हायड्रोजन, ॲसिटिलीन. ग्रुप ठरतो तो मुख्यतः ज्योत किती बारीक फटीतून निसटू शकते यावरून. प्रोपेनची ज्योत ०.९ मिलिमीटरच्या फटीत अडते, इथिलीनला ०.६५ लागते, आणि हायड्रोजन ०.३ च्याही आतल्या फटीतून पलीकडे जातो. तेव्हा आयआयबी ची फिटिंग बॅटरी रूममध्ये लावली तर कागदावर ती एफएलपी आहे पण त्या खोलीसाठी तिचा उपयोग नाही. उलटं चालतं, आयआयसी ची फिटिंग आयआयए च्या जागेत लावा, बिनधास्त.

मग टी क्लास. हा सांगतो फिटिंगचा सगळ्यात तापलेला भाग किती डिग्रीपर्यंत जाईल. टी १ म्हणजे ४५०, टी २ म्हणजे ३००, टी ३ म्हणजे २००, टी ४ म्हणजे १३५, टी ५ म्हणजे १००, टी ६ म्हणजे ८५. तुमच्या जागेतल्या गॅस किंवा वाफेचं आपोआप पेटण्याचं तापमान या आकड्याच्या वर असलं पाहिजे. पेट्रोल साधारण २८० ला पेटतं, त्याला टी ३ पुरतो. इथर १६० ते १७५ च्या दरम्यान, त्याला टी ४ पाहिजे. कार्बन डायसल्फाईड तर शंभराच्या आसपासच पेटतो, त्याला टी ६ शिवाय दुसरं काही नाही. तुमच्याकडे काय आहे ते मटेरियलच्या एमएसडीएस शीटवर लिहिलेलं असतं, ऑटो इग्निशन टेम्परेचर या नावाने, स्टोअरमधून ती शीट मागा आणि सगळ्यात कमी आकडा असलेलं सॉल्व्हंट शोधा, निवड त्याच्यावरून करायची. ग्रुप आणि टी क्लास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का, लोक इथे गोंधळतात. हायड्रोजन पेटायला ५०० च्या वर लागतात म्हणजे टी क्लासला तो एकदम नरम, पण फटीला सगळ्यात कडक.

आणि आता टीए, ज्याच्यासाठी मी एवढं रामायण लावलं. नियम असा की नेमप्लेटवर टीए लिहिलेलाच नसेल तर तो उणे २० ते अधिक ४० धरायचा. जगभरासाठी ठरवलेला आकडा आहे तो, आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्याकडे बघून ठरवलेला नाही. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५-४६ सहज होतं, कधी ४७ च्या वर जातं, आणि हे झालं वेधशाळेच्या सावलीतलं, तुमचा लाईट तर तापलेल्या पत्र्यापासून दीड फुटावर लटकलाय, खाली रिॲक्टर नाहीतर ओव्हन चालू. ढोबळ हिशेब करा. ४० च्या हवेत एखादा भाग १३० ला जात असेल तर ५३ च्या हवेत तो १४३ ला जाणार, आणि टी ४ ची हद्द १३५ आहे. म्हणजे प्लेटवर टी ४ लिहिलेला लाईट नागपूरच्या मे महिन्यात टी ४ राहिलाच नाही. चांगल्या कंपन्या हे प्लेटवर स्वच्छ लिहितात, ४० पर्यंत टी ६ आणि ५५ पर्यंत टी ५, असं दोन ओळीत. तुम्ही ५५ ची ओळ वाचायची, ४० ची नाही. माझा स्वतःचा नियम झालाय, छताखाली लावायची कुठलीही फिटिंग टीए ५५ च्या खाली घ्यायची नाही, ५० वाली फक्त मोकळ्या, हवेशीर जागेत. आणि ऑर्डर द्यायच्या आधी मे महिन्यात एकदा थर्मामीटर टांगून आकडा लिहून ठेवा, नंतर परचेसवाल्याशी बोलताना तो कागद फार कामी येतो.

एलईडीचा ड्रायव्हर जळतो तोही याच्यामुळेच. त्याच्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गरमीला फार नाजूक, तापमान दहा डिग्री वाढलं की आयुष्य ढोबळमानाने अर्धं होतं. म्हणून जास्त टीए वाली फिटिंग महाग पडली तरी दोन-तीन उन्हाळ्यांत पैसे वसूल होतात, आणि मुख्य म्हणजे झोन १ मध्ये शिडी लावून झाकण उघडायची वेळ कमी वेळा येते. तरीही एलईडीच घ्या, जुने मेटल हॅलाईड नको. लाईन एक सेकंद जरी झटकली तरी मेटल हॅलाईड परत पेटायला पाच-दहा मिनिटं घेतो, आणि सॉल्व्हंटच्या खोलीत पाच मिनिटं अंधारात उभा असलेला माणूस मोबाईलचा टॉर्च काढतो. मोबाईल काही एफएलपी नाही. तिथे काम करणाऱ्यांना झोनसाठी सर्टिफाईड टॉर्च द्या, आणि बॅटरीवाला इमर्जन्सी लाईटसुद्धा सर्टिफाईडच पाहिजे, हे तर नव्वद टक्के ठिकाणी विसरलेलं मी बघितलंय, सगळी खोली एफएलपी आणि दाराच्या वर बाजारातला साधा इमर्जन्सी लाईट चार्जिंगला लावलेला.

धुळीचं थोडं सांगतो कारण आपल्या भागात जिनिंग आहे, डाळ मिल आहे, तांदूळ मिल आहे, आणि तिथे कोणाला वाटतच नाही की आपण धोक्याच्या जागेत काम करून राहिलो. पीठ, साखर, कोळशाची भुकटी हवेत दाट उडाली की ती गॅससारखीच भडकते. प्लेटवर आयआयआयए म्हणजे कापसाच्या तंतूसारखं उडणारं, आयआयआयबी म्हणजे पीठ-साखरेसारखी वीज न वाहणारी धूळ, आयआयआयसी म्हणजे ॲल्युमिनियमसारखी धातूची धूळ. इथे टी क्लासच्या जागी बहुतेक वेळा थेट आकडा असतो, टी १२० डिग्री असा. पण धुळीत खरा घात होतो तो थर साचल्याने. कापसाचा बोंदरा फिटिंगच्या डोक्यावर साचतो, गोधडी पांघरल्यासारखा, आतली उष्णता बाहेर निघत नाही, आणि तो थर आतून धुमसायला लागतो. साधारण ५ मिलिमीटरचा थर गृहीत धरून तापमानाचे नियम केलेत, त्याच्यापेक्षा जाड झाला की प्लेटवरचा आकडा तुम्हाला वाचवणार नाही. तेव्हा धुळीच्या जागेत वरून चपटी फिटिंग नको, घुमटासारखी उतरती घ्या ज्याच्यावर काही टिकत नाही, आणि हात पोचेल किंवा व्हॅक्यूमचा पाईप पोचेल अशा जागी लावा. झाडूने किंवा एअर मारून साफ करू नका, सगळी धूळ हवेत उडते, जे व्हायला नको तेच. प्लास्टिकची काच असेल तर कोरड्या फडक्याने घासायची नाही, ओल्या फडक्याने पुसा, उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढल्यासारखी चरचर ठिणगी येते.

कागदपत्रांचं. गॅस-वाफेच्या जागेसाठी पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याची, मंजुरी पाहिजे, आणि पेसोचं मुख्यालय आपल्याच शहरात सेमिनरी हिल्सवर आहे, तेव्हा नागपूरच्या माणसाने तरी ‘पेसो म्हणजे काय’ विचारू नये. मंजुरीचं पत्र मागा, त्याच्यावरचा मॉडेल नंबर आणि फिटिंगवरचा मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर जुळतो का बघा, कारण ४५ वॅटच्या मॉडेलचं पत्र दाखवून ८० वॅटची फिटिंग देतात, आणि ८० वॅटवाली जास्त तापते. परदेशी फिटिंग असेल तर आयईसीईएक्स या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटचा नंबर ऑनलाईन कोणीही तपासू शकतो, पाच मिनिटांचं काम. नंबरच्या शेवटी एक्स असेल तर वापरायच्या काही खास अटी आहेत, त्या सर्टिफिकेटमध्ये लिहिलेल्या असतात, वाचल्याशिवाय घेऊ नका. शेवटी यू असेल तर तो नुसता सुटा भाग आहे, अख्खी फिटिंग नव्हे. आणि हो, खाणीतला मामला वेगळा, सावनेरसारख्या भूमिगत कोळसा खाणीत ग्रुप वन लागतो आणि मंजुरी डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची. बारूद कारखान्यांचंही वेगळं, तिथे हे झोनचं गणित लावायचं नाही, एक्स्प्लोझिव्ह्ज रूल्स आणि लायसन्सच्या अटी पाळायच्या, त्यामुळे बाजारगावकडच्या कोणी हे वाचून तिथे लाईट निवडू नका, मनापासून सांगतो.

लाईट घेतला, आता बसवणं. भाऊ, इथेच चांगला माल वाया जातो. हजारोंची फिटिंग आणि त्याला साधी सिंगल कॉम्प्रेशन ग्लँड (केबल आत शिरते तिथे ती आवळून धरणारा जोड), असं मी किती ठिकाणी बघितलं. ग्लँडसुद्धा एफएलपी पाहिजे, डबल कॉम्प्रेशन, त्याच गॅस ग्रुपची, आणि केबलच्या खऱ्या जाडीची, केबल बारीक आणि ग्लँड मोठी म्हणून टेप गुंडाळून भरती करायची नाही. फिटिंगला दोन एंट्री असतात, एक वापरली नाही तर तिथे सर्टिफाईड स्टॉपिंग प्लग, प्लास्टिकचं बूच किंवा एम-सील नाही. आणि आटे जुळवून बघा. आपल्या बाजारात पाऊण इंची ईटी आटे आणि एम-२० असे दोन्ही चालतात, दिसायला जवळजवळ सारखे, एकाची ग्लँड दुसऱ्यात दोन-तीन फेरे जाते आणि मग अडते किंवा ढिली बसते, आणि हेल्पर म्हणतो झालं साहेब. झालं नाही. कमीत कमी पाच पूर्ण आटे आत गेले पाहिजेत, हाताने फिरवून मोजा. टेफ्लॉन टेप नको. फ्लँजवाल्या, म्हणजे सपाट कडेवर बसणाऱ्या, झाकणाच्या फटीसमोर भिंत, पाईप, अँगल असं काही जवळ येऊ देऊ नका, आयआयसी ला ४० मिलिमीटर, आयआयबी ला ३०, आयआयए ला १० एवढं तरी मोकळं पाहिजे, नाहीतर फटीतून येणारी गरम हवा थंड व्हायला जागाच मिळत नाही. अर्थिंग दोन, आतलं आणि बॉडीचं बाहेरचं.

फ्लेमपाथबद्दल म्हटलं होतं ते आता. एका पावसाळ्यात एक फिटर, मेहनती पोरगा, त्याने बघितलं की एका वेलग्लासमध्ये पाणी उतरतंय. त्याने काय केलं, झाकण उघडलं, त्या गुळगुळीत धातूच्या कडेवर बोटाने सिलिकॉन सीलंट छान गोल फिरवून लावलं आणि झाकण आवळलं. पाणी थांबलं. मी महिन्याने उघडलं तेव्हा रबरासारखा पांढरा पट्टा निघाला, आणि झाकण बॉडीला नीट बसलेलंच नव्हतं, मधे सीलंटच्या जाडीची फट. जी फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात मोजायची ती मला नुसत्या नखाला कळत होती. त्याला ओरडलो नाही, त्याचं काय चुकलं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. खाली बसवलं, जुनी फिटिंग उघडून त्याच्या बोटाने ती कड चाचपायला लावली आणि सांगितलं की बेटा, स्फोट झाला तर तो इथून बाहेर येतो, आणि आपल्याला वाचवणारी हीच दोन सूत जागा आहे. त्या कडेवर रंग नाही, सीलंट नाही, पॉलिश पेपर नाही, पेचकसाने उचकटून ओरखडा नाही. गंजू नये म्हणून कंपनीने सांगितलेलं न सुकणारं ग्रीस, तेही पातळ. पाणी येत असेल तर कंपनीचाच ओ-रिंग बदला. बोल्ट जितके दिलेत तितके सगळे, आठ असतील तर आठ, सहा लावून भागत नाही, आणि त्याच ग्रेडचे.

झाकण उघडायचं तर आधी सप्लाय दुसरीकडून बंद, कुलूप, टॅग, मग प्लेटवर जितकी मिनिटं थांबायला सांगितलंय तितकी थांबा, कपॅसिटरमध्ये करंट राहतो. आतला बल्ब काढून स्वतःच एलईडी बल्ब किंवा जास्त वॅटचा बल्ब बसवला की सर्टिफिकेट संपलं, फिटिंग कितीही चांगली असो. काच फुटली तर त्याच कंपनीची त्याच मॉडेलची काच, भांडीवाल्याकडून मापाची कापून आणलेली नाही.

टाकीत उतरून काम असेल तेव्हा हँडलॅम्प २४ व्होल्टचा, आणि पेटणारी वाफ असू शकते तर तो एफएलपी पाहिजे, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ३६-ए कलमात हे लिहून ठेवलेलं होतं. ट्रान्सफॉर्मर टाकीच्या बाहेर, झोनच्याही बाहेर ठेवायचा. घाई असते, शटडाऊनचे तास मोजलेले असतात, ठेकेदाराचा माणूस घरून आणलेला २३० चा होल्डर घेऊन आत उतरायला तयार असतो. त्याला थांबवा, बिलकुल थांबवा, चार तास उशीर झाला तरी.

उजेड किती पाहिजे हे मी शेवटी बघतो. १२५ वॅटच्या जुन्या मर्क्युरी वेलग्लासच्या जागी साधारण ४० ते ४५ वॅटचा एलईडी पुरतो, पण लक्स मीटर घेऊन कामाच्या उंचीवर, व्हॉल्व्हवर, गेजवर, जिन्याच्या पायरीवर मोजा, आणि डोळ्यावर चमक येत नाही ना बघा.

दसऱ्याच्या आधी रंगरंगोटी निघते तेव्हा पेंटरला सोडण्याआधी प्रत्येक नेमप्लेटवर आणि झाकणाच्या जोडावर मास्किंग टेप लावून घ्या, मी सुरुवातीला सांगितलेल्या प्लेटवर तो रंग असाच चढला होता. पावसाळा संपला की वर्षातून एकदा सगळ्या फिटिंगची फेरी, गंज, काच, ग्लँड, बोल्ट, आणि रजिस्टरमध्ये प्रत्येक फिटिंगचा ग्रुप, टी क्लास, टीए लिहिलेला, म्हणजे नवीन सॉल्व्हंट आलं की लगेच पान उघडून बघता येतं हे लाईट त्याला चालतील का. आणि जी फिटिंग बाद केली तिची प्लेट काढून घ्या, एंट्री कापून टाका, मगच भंगारात द्या. आमच्याकडे एक बाद झालेली फिटिंग भंगारवाल्याकडून धुवून पुसून, नवीन रंग मारून एका ठेकेदाराच्या हातातून परत आमच्याच गेटवर आली होती, मी तिच्या काचेवरच्या तड्यावरून ओळखली, प्लेट मात्र जुनीच, आणि एकदम खरी.